हेर्नहूटचा जहागीरदार

युरोपच्या प्रवासाहून परतलेले आपले बंधुभगिनी रोम, पॅरिस, लंडन या मोठ्या शहरांविषयी भरभरून बोलतात. लहान गावांकडे मात्र सहसा कोणाची पावले वळत नाहीत. वाचकहो, आज आपणांस अशाच एका लहान गावी नेण्याचा मानस आहे. जर्मनीच्या पूर्व टोकास, सॅक्सनी प्रांतात, झेक प्रजासत्ताक व पोलंड या दोन्ही देशांच्या सीमांजवळ हेर्नहूट वसलेले आहे. आसपासची खेडी जमेस धरूनही तेथील वस्ती सुमारे सहा हजारांची. उतरत्या उंच छपरांची साधी, नीटनेटकी घरे, मधोमध मंडळीचे प्रार्थनागृह आणि गावाबाहेर हूटबर्ग नावाची टेकडी, एवढाच त्याचा पसारा. तेथे राजवाडा नाही आणि आकाशाला भिडणारे कॅथीड्रलही नाही. तरीही जुलै २०२४ मध्ये आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत या गावाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. हा मान त्याला का मिळाला हे समजण्यासाठी ज्याच्या जमिनीवर ते उभे राहिले, त्या मनुष्याचे चरित्र जाणून घेतले पाहिजे. त्याचे नाव काउंट निकोलस लुडविग फॉन झिंझेंडॉर्फ.

झिंझेंडॉर्फ यांचा जन्म २६ मे १७०० रोजी ड्रेस्डेन येथे एका श्रीमंत सरदार घराण्यात झाला. ते अवघे सहा आठवड्यांचे असताना वडिलांचे निधन झाले. पुढे मातेने पुनर्विवाह केला आणि बालकाचे संगोपन आजीकडे आले. ही आजी विदुषी व देवभीरू होती. तिच्या घरी प्रार्थना, गीते व पवित्र शास्त्राचे वाचन हा नित्यक्रम असे. दहाव्या वर्षी निकोलसला हाले येथील फ्रांके यांच्या प्रसिद्ध शाळेत धाडण्यात आले. तरंगंबाडी येथे सुवार्तेचे काम करणारे झीगेनबाल्ग १७१५ साली युरोपात आले होते. फ्रांके यांच्या घरी भोजनाच्या मेजावर या मुलाने त्यांना पाहिले व त्यांचे अनुभव ऐकले. आपल्या भारतभूमीची ती वार्ता त्या कोवळ्या मनात खोलवर रुजली. त्याच शाळेत त्याने काही मित्रांसह मोहरीच्या दाण्याच्या नावाने एक लहानसा संघ काढला. सर्व लोकांवर प्रीती करावी व दूरच्या देशांत ख्रिस्ताचे नाव पोहोचवावे, असा त्या मुलांचा निश्चय होता.

परंतु सरदारपुत्राने दरबारी नोकरी करावी, हीच त्या काळची रीत. कुटुंबाच्या इच्छेनुसार झिंझेंडॉर्फ यांनी विटेनबर्ग येथे कायद्याचा अभ्यास केला आणि नंतर ते देशोदेशींच्या प्रवासास निघाले. १७१९ साली ड्युसेलडॉर्फच्या चित्रसंग्रहालयात काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे, इटालियन चित्रकार डोमेनिको फेत्ती याचे चित्र त्यांनी पाहिले. प्रभूने आपल्यासाठी सर्व काही सोसले. आपण त्याच्यासाठी काय केले, या प्रश्नाने त्यांना तेथेच खिळवून ठेवले. तो प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधीही गेला नाही. तरीही घरच्यांच्या आज्ञेचा मान राखून ते ड्रेस्डेनच्या दरबारात रुजू झाले. १७२२ साली त्यांनी आजीकडून बर्थेल्सडॉर्फची जहागीर विकत घेतली आणि त्याच वर्षी अर्डमुथ डोरोथिया या सरदारकन्येशी त्यांचा विवाह झाला.

येथे आपणांस थोडे मागे जावे लागेल. बोहेमियाचा सुधारक यान हुस याला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले. त्याच्या अनुयायांपैकी काहींनी १४५७ साली बंधूंची एक मंडळी स्थापन केली. पुढील छळात ती जवळजवळ नामशेष झाली. तथापि मोरेव्हियाच्या खेड्यांत काही कुटुंबे गुप्तपणे आपला विश्वास जपून होती. ख्रिश्चन डेव्हिड नावाचा एक सुतार या कुटुंबांसाठी आसरा शोधीत होता. त्याची झिंझेंडॉर्फ यांच्याशी भेट झाली आणि जहागिरीत वसण्याची परवानगी मिळाली. घरदार मागे सोडून ही कुटुंबे सीमा ओलांडून आली. १७ जून १७२२ रोजी त्या सुताराने हूटबर्गच्या पायथ्याशी पहिले झाड तोडले. प्रभूच्या पहाऱ्याखाली असलेली जागा, अशा अर्थाने वसाहतीला हेर्नहूट हे नाव मिळाले.

विश्वासासाठी सर्वस्व सोडून आलेल्या या लोकांत गुण्यागोविंदाने ऐक्य नांदले असेल, असे आपणांस वाटेल. घडले ते उलटच. मोरेव्हियन निर्वासितांच्या पाठोपाठ लुथरन, कॅल्व्हिनपंथी व आणखी निरनिराळ्या मतांचे लोक तेथे आले. पाच वर्षांत वस्ती सुमारे तीनशेवर गेली आणि भांडणेही वाढली. उपासनेची पद्धत कोणती असावी, प्रभुभोजन कोणी कोणाबरोबर घ्यावे, गावाच्या पाळकाचे ऐकावे की ऐकू नये, यावरून तट पडले. ज्या जहागीरदाराने आसरा दिला, त्यालाच प्रकटीकरणातील श्वापद म्हणण्यापर्यंत एकाची मजल गेली.

झिंझेंडॉर्फ यांना या लोकांना हुसकावून लावणे सहज शक्य होते. जमीन त्यांची होती आणि कायदाही त्यांच्या बाजूने होता. त्यांनी काय केले, पाहा. ते दरबारी कामातून रजा घेऊन ड्रेस्डेनहून निघाले व या लोकांतच राहावयास आले. ते घरोघर गेले, प्रत्येकाचे गाऱ्हाणे ऐकून घेतले, सर्वांसह शास्त्राचा अभ्यास केला. १२ मे १७२७ रोजी गावकऱ्यांनी बंधुत्वाने राहण्याच्या करारावर सह्या केल्या. पुढे तीन महिने प्रार्थना, कबुली व समेट यांत गेले. १३ ऑगस्ट १७२७ रोजी सर्व जण बर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी एकत्र जमले, तेव्हा देवाच्या आत्म्याने त्यांची अंतःकरणे अशी हेलावून सोडली की, कालचे वैरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मोरेव्हियन मंडळी हा दिवस आपल्या नव्या जन्माचा दिवस मानते.

त्याच महिन्याच्या अखेरीस चोवीस पुरुष व चोवीस स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास आपसांत वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली. ती शंभराहून अधिक वर्षे चालू राहिली. १७२८ सालापासून दररोज एक शास्त्रवचन घरोघर पोहोचविण्याची प्रथा पडली आणि १७३१ साठी अशा वचनांचे पहिले पुस्तक छापले गेले. आजही ही वचने दरवर्षी हेर्नहूट येथेच चिठ्ठ्या टाकून निवडली जातात आणि पन्नासांहून अधिक भाषांत प्रसिद्ध होतात.

१७३१ साली झिंझेंडॉर्फ राज्याभिषेकाच्या निमित्ताने कोपनहेगनला गेले. तेथे वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटावरून आलेला अँटन नावाचा एक गुलाम त्यांना भेटला. त्याच्या बांधवांची दुर्दशा ऐकून हेर्नहूटचे तरुण अस्वस्थ झाले. २१ ऑगस्ट १७३२ रोजी लेओनहार्ड डोबर हा कुंभार व डेव्हिड निच्चमान हा सुतार पायी निघाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या बेटावर पोहोचले. सुवार्तेसाठी या दोघांनी स्वतःला गुलाम म्हणून विकले, अशी कथा आपण प्रवचनांतून ऐकली असेल. तसे घडले नाही. तेवढी त्यांची तयारी होती खरी. परंतु तशी गरज पडली नाही व ते शक्यही नव्हते. निच्चमान सुतारकाम करून दोघांचे पोट भरीत असे. त्यानंतर ग्रीनलंड, सुरीनाम, दक्षिण आफ्रिका, उत्तर अमेरिका असे हे सेवक पसरत गेले. झिंझेंडॉर्फ यांच्या हयातीतच त्यांची संख्या दोनशेवर गेली.

या कार्याची किंमतही मोठी होती. १७३६ साली सॅक्सनीच्या सरकारने झिंझेंडॉर्फ यांना हद्दपार केले. जवळजवळ अकरा वर्षे ते स्वतःच्या गावाला पारखे झाले. १७३७ साली त्यांना मोरेव्हियन मंडळीचे बिशप म्हणून दीक्षा मिळाली. बर्लिन, लंडन, वेस्ट इंडीज, पेनसिल्व्हेनिया अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. जहागिरीचा व मंडळीच्या खर्चाचा भार अर्डमुथ यांनी वाहिला. त्यांनी बारा अपत्यांना जन्म दिला आणि त्यांपैकी बहुतेकांना बालपणीच मूठमाती दिली. या माउलीचे ऋण चरित्रकारांनी उशिराच मान्य केले.

झिंझेंडॉर्फ निर्दोष होते, असे मात्र कोणी समजू नये. १७३९ साली ते सेंट थॉमसला गेले, तेव्हा तुरुंगात पडलेल्या आपल्या सेवकांची त्यांनी सुटका करविली. पण गुलामांना त्यांनी धन्याची आज्ञा पाळण्याचाच उपदेश केला. त्यांच्या बेड्यांविरुद्ध आवाज उठविला नाही. मोरेव्हियन मंडळीने त्या बेटावर मळा घेतला, त्यावरही गुलामच राबत होते. पुढे हेर्नहाग येथील वसाहतीत भक्तीच्या नावाखाली भावनांचा अतिरेक झाला. त्यात त्यांचा पुत्र ख्रिश्चन रेनाटस हाच पुढारी होता. पित्याने १७४९ साली कठोर शब्दांत हा अतिरेक थांबविला आणि पुत्राला लंडनला बोलावून घेतले. १७५२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो तेथेच मरण पावला. चार वर्षांनी अर्डमुथही गेल्या.

९ मे १७६० रोजी झिंझेंडॉर्फ यांनी हेर्नहूट येथेच प्राण सोडला. वाचकहो, आपण त्या गावी गेलात, तर हूटबर्गच्या उतारावरील कबरस्तान अवश्य पाहा. लिंडेन वृक्षांच्या कापलेल्या कुंपणांमध्ये सारख्या आकाराचे सपाट दगड रांगेने मांडलेले आहेत. एका बाजूस बंधू व दुसऱ्या बाजूस भगिनी, ज्या क्रमाने देवाघरी गेले त्या क्रमाने निजलेले आहेत. सरदार व सुतार यांच्या दगडांत तेथे फरक केलेला नाही. झिंझेंडॉर्फ कुटुंबाच्या कबरी मात्र मध्यभागी उंच व मोठ्या आहेत. त्या काळाचा संस्कार तेवढा राहिलाच. १७३२ साली ईस्टरच्या पहाटे तरुण मंडळी याच ठिकाणी पुनरुत्थानाची गीते गाण्यास जमली होती. ती प्रथा आता जगभर पसरली आहे.

प्रार्थनागृहात गेल्यावर आपणांस पांढऱ्या भिंती व पांढरी बाके दिसतील. तेथे उंच व्यासपीठ नाही, एक साधे मेज आहे. मे १९४५ मध्ये महायुद्ध संपता संपता गावाचा मध्यभाग आगीत भस्मसात झाला, तेव्हा हे गृहही जळाले. मंडळीने ते पुन्हा उभारले. नाताळात अनेकांच्या घरी लावल्या जाणाऱ्या टोकदार कागदी ताऱ्यांची कार्यशाळाही याच गावात आहे.

या गावाचे आपल्या देशाशी जुने नाते आहे. झिंझेंडॉर्फ निवर्तले त्याच वर्षी मोरेव्हियन बंधू तरंगंबाडीस आले. पुढे १८५६ साली हायडे व पागेल यांनी लाहूलमधील केलाँग येथे ठाणे वसविले आणि १८८५ साली लेह येथे काम सुरू झाले. तिबेटी भाषेचा शब्दकोश रचणारे व त्या भाषेत नव्या कराराचे भाषांतर करणारे येश्के यांचा जन्म हेर्नहूटचाच. लेहची मोरेव्हियन मंडळी आजही उपासना करीत आहे. युरोपला जाणे ज्यांना शक्य नाही, ते लडाखला गेल्यास या वृक्षाची एक फांदी तेथे पाहू शकतील.

आपल्या मंडळ्यांतही मालमत्ता, पदे, निवडणुका व उपासनेच्या रीती यांवरून तट पडतात. प्रकरणे न्यायालयात जातात आणि एकाच बाकावर बसणारी दोन कुटुंबे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. अशा वेळी १७२७ सालचा तो उन्हाळा आठवावा. तीनशे भांडखोर निर्वासितांचे ते गाव मोडण्याच्या बेतात होते. ज्याच्या हाती सत्ता होती, तो त्यांच्या दारी जाऊन बसला. मग दूर देशी जाणारे सेवक त्याच घरांतून निघाले. येत्या रविवारी प्रभुभोजनास जाण्यापूर्वी आपण कोणाच्या दारी जावयास हवे, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.