कापसाच्या राजाचा शब्द

सुरतेत १८३१ साली जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे मुंबईच्या शेअर बाजारातील पहिले बडे दलाल. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले. जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली, धुळ्यातही व्यापार वाढला.

मुंबईत आलेला पैसा नव्या बँका आणि भराव कंपन्यांच्या शेअर्सकडे धावला. प्रेमचंद ज्या कंपनीत हात घालीत, तिचे शेअर लोक डोळे झाकून घेत. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. मात्र, भाव सुचविणाराच कंपन्यांचा प्रवर्तक होता आणि त्याच्याच शब्दावर बँक ऑफ बॉम्बे कर्जे देत होती, हे फारसे कोणी पाहिले नाही.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला. १ जुलै हा वायदेपूर्तीचा दिवस अनेक पेढ्या बुडवून गेला. जळगावच्या पेठेलाही जबर फटका बसला. खुद्द प्रेमचंदही बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही टिकली नाही.

पुढे ते सावरले. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. तेजीत त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, मातेच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे. शेअर विश्लेषकाने आपले हितसंबंध उघड करावेत, असा नियम 'सेबी'ने २०१४ मध्ये केला. तो उघड केलेला मजकूर वाचण्याचे काम मात्र गुंतवणूकदाराचेच आहे.