खुर्चीत बसून व्याकरण लिहिणारे लिंडले मरे

बालमित्रांनो, इंग्रजीत शब्दांच्या जाती आल्या की तुमच्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून या अंकात मी तुम्हाला नुसते नियम सांगणार नाही. ते नियम मुलांसाठी सोपे करून मांडणाऱ्या एका माणसाची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव लिंडले मरे. आडनावावर हसू नका बरं का! एके काळी इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळाशाळांत हे नाव मुलांच्या तोंडी होते.

लिंडलेचा जन्म १७४५ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया प्रांतात झाला. बारा भावंडांत तो थोरला. वडील व्यापारी होते. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कला राहायला गेले. मुलाने आपली पेढी सांभाळावी अशी वडिलांची इच्छा, पण लिंडलेचे मन रमायचे पुस्तकांत. वडिलांची शिस्त मोठी कडक. एकदा परवानगीवाचून घराबाहेर गेला म्हणून त्यांनी त्याला शिक्षा केली. ती त्याच्या मनाला फार लागली. तो गुपचूप घर सोडून निघाला, शेजारच्या न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टन गावी गेला. आणि तिथे केले काय, तर चक्क एका शाळेत नाव घालून फ्रेंच शिकू लागला! घरून पळून शाळेत जाणारा मुलगा तुम्ही कधी ऐकला होता का? घरच्यांना पत्ता लागला आणि त्यांनी त्याला परत आणले. पुढे वडिलांनीही त्याची आवड ओळखली व त्याच्यासाठी घरी शिक्षक ठेवला.

मोठेपणी ते वकील झाले. १७६७ साली हॅना यांच्याशी त्यांचे लग्न झाले. वकिलीत आणि व्यापारात पैसाही चांगला मिळाला. पण ऐन उमेदीत एका दुखण्याने गाठले. अंगातले स्नायू दुबळे होत गेले, चार पावले चालणेही जड होऊ लागले. हवापालट करावा म्हणून १७८४ च्या अखेरीस नवरा-बायको इंग्लंडला निघाले आणि यॉर्क शहराजवळ होलगेट येथे राहिले. प्रकृती काही पूर्ववत झाली नाही. शेवटची कितीतरी वर्षे त्यांना घराबाहेरही पडता आले नाही. सारा दिवस खुर्चीत जायचा.

दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देत बसला असता. मरे यांनी लेखणी हातात धरली.

यॉर्कमध्ये मुलींची एक शाळा होती. तिथल्या तरुण शिक्षिका मरे यांच्याकडे इंग्रजी शिकायला येत. मुलींना समजेल असे व्याकरण तुम्हीच लिहून द्या, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून १७९५ साली त्यांचे इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक निघाले. त्यात सगळेच आपण शोधून काढले, असा दावा त्यांनी केला नाही. आधीच्या पंडितांचे चांगले ते निवडले आणि नीट लावून दिले. पाठ करायचे मुख्य नियम मोठ्या टायपात, बारकावे लहान टायपात. लहानांनी मोठे वाचावे, मोठ्यांनी दोन्ही वाचावे. आहे की नाही युक्ती?

त्या पुस्तकात इंग्रजी शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या आहेत. उपपद, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी. 'अ', 'ॲन' आणि 'द' ही उपपदे. ती आपल्या मराठीत नाहीत, म्हणून आपण आठच जाती शिकतो. दुसरा फरक पाहा. आपण 'टेबलाखाली' म्हणतो, इंग्रजीत 'अंडर द टेबल' म्हणतात. आपला 'खाली' नामाच्या मागे चिकटतो, त्यांचा 'अंडर' नामाच्या पुढे उभा राहतो.

आता कळीची गोष्ट सांगतो. इंग्रजीत शब्दाची जात त्याच्या रूपावरून ठरवायला जाल तर फसाल. ती ठरते वाक्यातल्या कामावरून. 'वेल' हा एकच शब्द घ्या. 'द वेल इज डीप' म्हणजे विहीर खोल आहे. इथे वेल नाम झाला. 'शी रीड्स वेल' म्हणजे ती छान वाचते. कसे वाचते ते सांगितले, म्हणून क्रियाविशेषण. 'आय ॲम वेल' म्हणजे मी बरा आहे. इथे विशेषण. आणि कोणी नुसतेच 'वेल!' असे उद्गारले तर केवलप्रयोगी. शब्द एक, कामे चार! म्हणून शब्दाचे व्याकरण चालवताना आधी विचारा, बाबा रे, या वाक्यात तू काय काम करतोस? जात जन्मावरून नाही, कामावरून. शब्दांच्या राज्यातला हा कायदा मला फार आवडतो.

मरे यांच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. मिळालेला पैसा त्यांनी परोपकाराला लावला. १८२६ साली होलगेटलाच त्यांचे निधन झाले. गुलामांची सुटका, त्यांच्या मुलाबाळांचे शिक्षण आणि गोरगरिबांना मदत यांसाठी त्यांनी मृत्युपत्रात पैशाची तरतूद करून ठेवली होती.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८३६ साली, मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर या बावीस वर्षांच्या तरुणाने इंग्रजी व्याकरणाची मांडणी डोळ्यांपुढे ठेवून मराठी भाषेचे व्याकरण लिहिले. आज आपण मराठीच्या तासाला नाम, सर्वनाम, विशेषण म्हणतो, त्या वाटेवर दादोबांचे पाऊल आधी पडलेले आहे. तेव्हा मराठीच्या जाती ज्याला येतात, त्याला इंग्रजीच्या जाती परक्या नाहीत.

तर मग करा सुरुवात. 'वॉटर' हा शब्द घ्या. त्याची दोन वाक्ये अशी करा, की एकात तो नाम होईल आणि दुसऱ्यात क्रियापद. झाडांना पाणी घालणाऱ्यांना दुसरे वाक्य लगेच सुचेल! वाक्ये कागदावर लिहून या भित्तिपत्रकाखाली टाचा. मी शनिवारी वाचीन.