तपकिरीच्या डबीतील वर्गणी

मराठी नव्या कराराचा उगम शोधू गेल्यास आपण इंग्लंडातील केटरिंग गावच्या एका घरात जाऊन पोहोचतो. २ ऑक्टोबर १७९२ रोजी तेथे काही बॅप्टिस्ट पाळकांनी मिशन संस्था स्थापिली. आपापल्या वर्गणीचा आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांनी चिठ्ठ्या अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत टाकल्या. बेरीज झाली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. ज्यांच्या ध्यासातून हे घडले, त्या विल्यम कॅरींचे नाव मात्र वर्गणीदारांत नव्हते. १७६१ साली गरीब घरात जन्मलेल्या आणि जोडे शिवून पोट भरलेल्या या पाळकाने स्वतःलाच देऊ केले. १७९३ साली ते बंगालमध्ये उतरले.

१८०० साली सेरामपूर येथे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांच्यासह त्यांनी एकत्र संसार मांडला. खाजगी व्यापार कोणी करावयाचा नाही. सर्व मिळकत सामाईक निधीत जमा व्हावी आणि प्रत्येक कुटुंबाने ठरलेली अल्प रक्कम घ्यावी, असा नियम होता. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत व मराठी शिकविणाऱ्या कॅरींचा पगार पुढे दरमहा १००० रुपयांवर गेला, तोही बहुतांशी या निधीतच पडला. मार्शमन दांपत्याच्या शाळांची व वॉर्ड यांच्या छापखान्याची मिळकतही तेथेच येई. कागद, खिळे व पंडितांचे वेतन यांचा भार या निधीने उचलला. मराठी नवा करार १८११ साली छापला गेला.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागली. हस्तलिखिते, कागद, खिळे भस्मसात झाले. वार्ता पोहोचताच ब्रिटनमधील मंडळ्यांनी सुमारे दोन महिन्यांत नुकसान भरून काढले.

पुढे मात्र कसोटी आली. १८१५ साली फुलर निवर्तले. लंडनची नवी समिती सेरामपूरच्या मालमत्तेवर अधिकार सांगू लागली. आपल्या श्रमाच्या पैशातून उभारलेल्या मालमत्तेचे आपण मिशनकार्यासाठी विश्वस्त आहोत, असे सेरामपूरकरांचे म्हणणे होते. १८२७ साली दोघे विभक्त झाले. ज्या विश्वासावर पैसा जमला होता, तोच आटला. ९ जून १८३४ रोजी कॅरी प्रभूघरी गेले. संस्था व सेरामपूर यांचे मनोमीलन १८३७ साली झाले. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपल्या मंडळ्यांतही वर्गणीपेक्षा वर्गणीचा कारभारच अधिक वेळा वादाचा विषय होतो. देणाऱ्याचे मन मोकळे असावे, तसे सांभाळणाऱ्याचे वहीखातेही उघडे असावे. सेरामपूरला एकाची कमाई दुसऱ्यापासून लपलेली नव्हती, म्हणूनच अल्पशा वर्गणीला एवढे फळ आले.