बिग हाऊस : एका लहान कॉलेजातील ४७ वर्षे

सैनिकी शाळेत 'हाऊस' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा तरी ऐकतो. हाऊसचा फॉल-इन, हाऊसचे गुण, हाऊसची ट्रॉफी! त्यामुळे ज्या माणसाचे टोपणनावच 'बिग हाऊस' होते, त्याच्याबद्दल मला कुतूहल वाटले. त्यांचे खरे नाव क्लॅरेन्स गेन्स. अमेरिकेतील एका लहानशा कॉलेजात ते बास्केटबॉलचे प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक होते. बास्केटबॉल म्हटले की आपल्याला मोठमोठे खेळाडू आठवतात, प्रशिक्षक क्वचितच. म्हणून मी यांच्याबद्दल लिहायचे ठरवले.

गेन्स यांचा जन्म २१ मे १९२३ रोजी केंटकी राज्यातील पॅड्यूका या गावी झाला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांना कायद्यानेच वेगळे ठेवले जात असे. शाळा वेगळ्या, बसमधील जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ देशभर गाजत होता, पण गेन्ससारख्या मुलाला त्याच राज्यातील त्या विद्यापीठात प्रवेश मिळणे शक्य नव्हते. म्हणून ते बाल्टिमोर शहरातील मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात गेले. तिथे त्यांचा अवाढव्य देह पाहून त्यांना 'बिग हाऊस' हे नाव पडले, ते कायमचे. गंमत म्हणजे त्यांचे नाव झाले ते अमेरिकन फुटबॉलमध्ये. १९४५ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. पुढे दंतवैद्य व्हायचा विचार होता.

त्याआधी थोडे दिवस काम करावे म्हणून ते नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम या तंबाखूच्या कारखान्यांच्या शहरात आले. तिथे शिक्षक तयार करणारे एक छोटे कॉलेज होते. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, तिथले मुख्य प्रशिक्षक सोडून गेले आणि सगळा भार तेवीस वर्षांच्या गेन्स यांच्यावर आला. फुटबॉलचे प्रशिक्षक तेच, बास्केटबॉलचे तेच, क्रीडा संचालक तेच, खेळाडूंच्या दुखापती पाहणारे तेच आणि तिकिटांचा हिशोब ठेवणारेही तेच. काही वर्षांनी त्यांनी फुटबॉल सोडला आणि बास्केटबॉल धरला. दंतवैद्यकी राहिली ती राहिलीच.

क्रीडा संचालक म्हणजे खुर्चीत बसून सह्या करणारा साहेब असे मला वाटायचे. गेन्स यांचे काम वाचल्यावर तो समज गेला. सामन्यांचे वेळापत्रक जुळवायचे, तुटपुंज्या पैशात गणवेश आणि प्रवास बसवायचा, मुले वर्गात जातात की नाही हेही पाहायचे. शिवाय त्या काळी दक्षिणेत कृष्णवर्णीय संघाला वाटेतल्या बहुतेक हॉटेलांत खोली मिळत नसे आणि जेवणही मिळत नसे. अशा संघाला बाहेरगावी नेणे ही एक मोहीमच असायची. कुठे थांबायचे आणि कुठे खायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागे. सामना त्यानंतरचा.

गेन्स ज्या संघटनेत खेळत, तिच्यात सगळी कृष्णवर्णीयांचीच कॉलेजे होती. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्याकडे शिकलेले जॉन मॅक्लेंडन हेही त्याच संघटनेतील एक प्रशिक्षक होते. म्हणजे स्पर्धा कमी दर्जाची मुळीच नव्हती, फक्त वर्तमानपत्रे तिकडे फारशी पाहत नव्हती. गेन्स यांचा खेळाडू क्लिओ हिल १९६१ मध्ये व्यावसायिक लीगच्या पहिल्याच फेरीत निवडला गेला, तेव्हा लोकांना या कॉलेजचे नाव कळू लागले.

त्यानंतर फिलाडेल्फियाहून अर्ल मन्रो नावाचा मुलगा आला. पहिल्या वर्षी त्याची सरासरी सामन्याला जेमतेम सात गुणांची होती. चौथ्या वर्षी ती ४१.५ झाली! मधली वर्षे गेन्स यांनी त्याला घाई न करता घडवले. १९६६-६७ च्या हंगामात या संघाने ३१ सामने जिंकले आणि फक्त एक हरला. इव्हान्सव्हिल येथे लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी साउथवेस्ट मिसुरी स्टेटला ७७-७४ असे हरवले. त्यात मन्रोचे ४० गुण होते. एनसीएए या राष्ट्रीय संस्थेची बास्केटबॉल स्पर्धा जिंकणारे ते कृष्णवर्णीयांचे पहिले कॉलेज ठरले. मन्रो पुढे न्यूयॉर्क निक्सकडून १९७३ मध्ये एनबीए विजेता झाला.

यानंतरचा भाग मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. भेदभावाच्या भिंती पडू लागल्या, तशी मोठ्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना उघडली. हे व्हायलाच हवे होते आणि गेन्स यांनाही तेच हवे होते. पण याचा अर्थ असा की, मन्रोसारखा मुलगा आता लहान कॉलेजात येणार नव्हता. मोठी मैदाने, मोठ्या शिष्यवृत्त्या आणि दूरदर्शनचे कॅमेरे सोडून तो इथे कशाला येईल? जो न्याय हवा होता, तो मिळाल्यामुळेच त्यांचे रोजचे काम अवघड झाले. तरीही ते तिथेच राहिले. १९६७ सारखे राष्ट्रीय विजेतेपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९८२ मध्ये मात्र बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली.

१९९३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा ४७ वर्षांत ८२८ विजय आणि ४४७ पराभव अशी नोंद होती. त्या वेळी कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यांच्यापुढे एकच माणूस होता, केंटकी विद्यापीठाचे अ‍ॅडॉल्फ रप. ज्या विद्यापीठात गेन्स यांना विद्यार्थी म्हणून पाऊल ठेवता आले नसते, त्याच विद्यापीठाच्या प्रशिक्षकाच्या शेजारी त्यांचे नाव लिहिले गेले. रप यांच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९६९ मध्ये घेतला गेला. हा हिशोब मला कोणत्याही ट्रॉफीपेक्षा मोठा वाटतो.

कुणी म्हणेल की, सुरुवातीला त्यांना दुसरीकडे कोणी घेतलेच नसते, मग तिथेच राहण्यात मोठेपणा कसला? हे म्हणणे अर्धे खरे आहे. पहिली वीस वर्षे खरोखरच दुसरी वाट नव्हती. पण नंतरची सत्तावीस वर्षे त्यांनी स्वतः निवडली, आणि तीही चांगले खेळाडू हातातून निसटत असताना. म्हणून मला त्या ८२८ विजयांइतकाच ४४७ पराभवांचाही आदर वाटतो. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला उभे राहिल्याशिवाय इतके पराभव कुणाच्या नावावर जमत नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांचे डोळे एनडीएच्या गुणवत्ता यादीकडे लागलेले असतात. पुढे जाणे म्हणजे इथून निघून जाणे, असेच आपण धरून चालतो. पण आपल्याला घडवणारी माणसे मात्र इथेच थांबलेली असतात. ड्रिलचे उस्ताद, पीटीचे सर, मेसमधले काका दर वर्षी एक तुकडी निरोप देऊन पाठवतात आणि पुढच्या आठवड्यात नव्या मुलांना सावधान-विश्रामपासून शिकवायला लागतात. त्यांची नावे फलकावर लागत नाहीत.

क्लॅरेन्स गेन्स १८ एप्रिल २००५ रोजी विन्स्टन-सेलम येथेच वारले. थोडे दिवस म्हणून ज्या गावात ते आले होते, तिथे त्यांचे सगळे आयुष्य गेले. त्या कॉलेजचे आता विद्यापीठ झाले आहे आणि तिथल्या क्रीडागृहाला गेन्स यांचे नाव आहे. आपल्या शाळेतही असे एखादे 'बिग हाऊस' असतील. त्यांना ओळखून, पासिंग आउटची वाट न पाहता, आजच एक कडक सॅल्यूट ठोकायला काय हरकत आहे?