मताचा हक्क

निवडणुकीच्या दिवशी अनेक शाळांत मतदान असते. मुलांना सुट्टी असते, पण शाळा मात्र गजबजलेली असते. वर्गातले बाक भिंतीला लावलेले असतात. दारापुढे माणसांच्या रांगा असतात. स्त्रियांच्या रांगेत तुमची अम्मी असते, आपा असते, काठी टेकत आलेली दादीही असते. बोटाला शाई लावून त्या बाहेर येतात, तेव्हा कोणालाही त्यात नवल वाटत नाही.

पण १९१७ सालचा विचार करा. त्या वेळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. कायदे करणाऱ्या मंडळांसाठी थोड्याशा श्रीमंत पुरुषांना मत देता येत असे. स्त्री कितीही शिकलेली असली, तिच्या नावावर कितीही जमीन असली, तरी तिला मत देता येत नसे.

'हक्क' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो जसा उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. मताचा हा हक्क भारतातील स्त्रियांना आपोआप मिळाला नाही. तो मागावा लागला, पुन्हा पुन्हा मागावा लागला. तो मागणाऱ्या स्त्रियांमध्ये सरोजिनी नायडू पुढे होत्या. लोक त्यांना 'भारतकोकिळा' म्हणून ओळखतात. पण या कोकिळेने केवळ गोड कविताच लिहिल्या नाहीत. तिने आपला आवाज हक्कासाठीही वापरला. त्यांचीच ही गोष्ट आहे.

सरोजिनींचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे मोठे शास्त्रज्ञ होते. आई वरदासुंदरी गाणी रचत असत. घराणे बंगाली होते, पण राहणे निजामाच्या हैदराबादेत. आई मुलांशी हिंदुस्तानीत बोलत असे. तुम्ही घरात जशी बोली ऐकता, तशीच बोली लहानग्या सरोजिनीच्या कानांवर पडत होती.

इंग्रजी मात्र तिला मुळीच आवडत नसे. ती नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला इंग्रजी बोलायला सांगितले. तिने साफ नकार दिला. वडिलांनी तिला एका खोलीत दिवसभर कोंडून ठेवले. सरोजिनी रडली, रुसली आणि मग तिने मनाशी निश्चय केला. ती बाहेर आली ती इंग्रजी बोलतच! पुढे हीच मुलगी याच भाषेत इंग्रजांना त्यांच्या देशात जाऊन जाब विचारणार होती.

बाराव्या वर्षी ती मॅट्रिक झाली. मुलींच्या शाळाच मुळी थोड्या होत्या, अशा काळातली ही गोष्ट आहे. तिची हुशारी पाहून निजामाने तिला शिष्यवृत्ती दिली. १८९५ साली, सोळाव्या वर्षी, ती शिकण्यासाठी इंग्लंडला गेली. १८९८ साली ती परत आली आणि डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी तिचा विवाह झाला. दोघांचे प्रांत वेगळे, भाषा वेगळ्या आणि जातीही वेगळ्या होत्या. तरीही दोन्ही घरांनी हा विवाह मान्य केला. या दांपत्याला चार मुले झाली.

१९०५ साली सरोजिनीबाईंचा पहिला कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला. त्यांचे नाव झाले. घर सुखाचे होते, मुले लहान होती, प्रकृती नाजूक होती. त्या घरात बसून कविता लिहीत राहिल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण १९०६ साली कोलकात्याच्या एका सभेत त्यांनी स्त्रीशिक्षणावर भाषण केले. ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी ऐकले. पुण्याच्या या थोर नेत्याने त्यांच्यातील गुण ओळखले आणि देशासाठी काम करण्यास त्यांना सांगितले. १९०८ साली हैदराबादेत मुसी नदीला मोठा पूर आला, तेव्हा त्या मदतकार्यात धावल्या. १९१३ साली लखनौला मुस्लिम लीगच्या अधिवेशनात जाऊन त्या हिंदू-मुस्लिम ऐक्यावर बोलल्या. ऐक्याची ही तळमळ त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

आता आपण मताच्या हक्काकडे येऊ.

१९१७ च्या डिसेंबरात एडविन माँटेग्यू हे मद्रासला आले. इंग्लंडच्या सरकारात हिंदुस्थानचा कारभार त्यांच्याकडे होता. हिंदुस्थानात कोणत्या सुधारणा कराव्यात, हे ते लोकांना विचारत होते. त्यांना भेटायला अनेक शिष्टमंडळे आली. त्यांत एक शिष्टमंडळ स्त्रियांचे होते. त्याच्या प्रमुख होत्या सरोजिनी नायडू. त्यांच्याबरोबर ॲनी बेझंट आणि मार्गारेट कझिन्स होत्या, तशाच बेगम हसरत मोहानीही होत्या. वेगवेगळ्या धर्मांच्या या स्त्रियांची मागणी एकच होती. पुरुषांना ज्या अटींवर मत मिळेल, त्याच अटींवर ते स्त्रियांनाही मिळावे. स्त्री आहे, एवढ्या कारणावरून तिला दूर ठेवू नये.

माँटेग्यूंनी सारे ऐकून घेतले. पण पुढच्या वर्षी सुधारणांचा अहवाल आला, त्यात स्त्रियांच्या मताचा उल्लेखच नव्हता.

सरोजिनीबाई खचल्या नाहीत. १९१८ साली मुंबईत काँग्रेसचे खास अधिवेशन भरले. तेथे त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि काँग्रेसने त्या मागणीला पाठिंबा दिला. तेव्हा काही पुरुषांना वाटे, की स्त्री राजकारणात आली तर घराकडे पाहणार कोण? सरोजिनीबाईंचे म्हणणे असे, की मत दिल्याने स्त्रीची माया कमी होत नाही आणि पुरुषाचा मानही कमी होत नाही.

सरकारने मताधिकाराचा विचार करण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांची समिती नेमली. समितीने स्त्रियांना नकार दिला. येथील समाज जुन्या विचारांचा आहे आणि पडद्याची चाल असेपर्यंत स्त्रियांच्या मताला काही अर्थ नाही, असे कारण तिने पुढे केले.

मित्रांनो, या कारणाचा जरा विचार करा. स्त्री पडद्यात राहते, म्हणून तिला काही मतच नसते काय? धान्य महागले, विहीर आटली, गावात दवाखाना नसला, तर त्याची झळ तिलाही लागतेच. पुढे स्त्रियांना मत मिळाले, तेव्हा पडदानशीन स्त्रियांसाठी मतदानाची वेगळी सोय करण्यात आली आणि त्यांनी मत दिले. इच्छा असली की मार्ग निघतो.

१९१९ साली सरोजिनीबाई लंडनला गेल्या. नव्या कायद्याचा विचार तेथील पार्लमेंटची समिती करत होती. तिच्यापुढे त्यांनी भारतीय स्त्रियांची बाजू मांडली. मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन याही याच कामासाठी तेथे गेल्या होत्या. समुद्रापार जाऊन या स्त्रियांनी आपले म्हणणे सांगितले. तरीही पार्लमेंटने पूर्ण हक्क दिला नाही. स्त्रियांना मत द्यायचे की नाही, हे प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळाने ठरवावे, असे कायद्यात लिहिले गेले.

दार पूर्ण उघडले नव्हते. पण ते किलकिले झाले होते. १९२१ साली मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी स्त्रियांना मत दिले. मग एकामागून एक इतर प्रांतही पुढे आले. अर्थात, मालमत्तेची किंवा कराची अट कायम होती. त्यामुळे गरीब बाई आणि गरीब पुरुष, दोघेही बाहेरच राहिले.

१९२५ साली कानपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षपदी सरोजिनीबाईंची निवड झाली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुण्यात सुरू झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या १९३० च्या मुंबई अधिवेशनाच्या अध्यक्षाही त्याच होत्या.

१९३० हे साल मिठाच्या सत्याग्रहाचे. गांधीजी पकडले गेले. त्यांच्यानंतर वयोवृद्ध अब्बास तय्यबजी पुढे झाले, तेही पकडले गेले. मग नेतृत्व सरोजिनीबाईंकडे आले. गुजरातमधील धारासणा येथे मिठाचे आगर होते. २१ मे रोजी सुमारे अडीच हजार सत्याग्रही तेथे जमले. त्यांच्यापुढे एक एकावन्न वर्षांची स्त्री उभी होती. कोणीही हात उगारायचा नाही, अशी तिने ताकीद दिली. पोलिसांच्या लाठ्या बरसल्या, डोकी फुटली, पण एकानेही हात उगारला नाही. सरोजिनीबाईंना अटक झाली. त्या दिवसानंतर कोणत्या तोंडाने म्हणायचे, की स्त्रीला राजकारण झेपणार नाही?

१९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. सरोजिनीबाई तेथे गेल्या. लाहोरच्या बेगम शाहनवाज याही परिषदेत होत्या. दोघींनी मिळून एक निवेदन दिले. या वेळी त्यांची मागणी पूर्वीपेक्षा मोठी होती. मालमत्तेची अट नको, शिक्षणाची अट नको, प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मत द्या, असे त्यांनी मागितले. स्त्रियांसाठी राखीव जागाही त्यांनी मागितल्या नाहीत. मेहेरबानी नको, बरोबरी हवी, असा त्यांचा विचार होता.

सरकारने हे मानले नाही. १९३५ च्या कायद्याने सुमारे साठ लाख स्त्रियांना मत मिळाले, पण त्यांतील पुष्कळ स्त्रियांना ते मिळाले मतदार पुरुषाची पत्नी म्हणून. स्वतःचा हक्क असा नवऱ्याच्या नावाने यावा, हे महिला संघटनांना पटले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

१९४२ च्या चळवळीत सरोजिनीबाईंना पुन्हा तुरुंगवास घडला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी आणि कस्तुरबा यांच्याबरोबर त्यांना ठेवले होते. आजारपणामुळे १९४३ साली त्यांची सुटका झाली.

पुढे घटना तयार करण्यासाठी संविधान सभा भरली. तिच्यात सरोजिनीबाई होत्या. हंसाबेन मेहता, बेगम ऐजाज रसूल अशा इतर स्त्रियाही होत्या. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी सरोजिनीबाई संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या. हाच प्रांत पुढे उत्तर प्रदेश झाला. भारतातील त्या पहिल्या महिला राज्यपाल होत.

२ मार्च १९४९ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला संविधान सभेने घटना स्वीकारली. प्रत्येक सज्ञान भारतीयाला, मग तो पुरुष असो की स्त्री, गरीब असो की श्रीमंत, एक मत मिळाले. जे मागायला सरोजिनीबाई मद्रासला गेल्या, मुंबईत बोलल्या, दोनदा लंडनला गेल्या, ते अखेर मिळाले होते. ते पाहायला मात्र त्या नव्हत्या.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदारांच्या याद्या करण्यासाठी माणसे घरोघर गेली. तेव्हा अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. कोणी म्हणाली, मी अमक्याची बायको. कोणी म्हणाली, मी तमक्याची आई. परक्या माणसाला नाव सांगण्याची त्यांना सवय नव्हती. नावाशिवाय मतदार कसा नोंदवणार? अशा सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. कायद्याने हक्क दिला होता, पण त्या हक्काला नाव नव्हते. पुढच्या निवडणुकांत हळूहळू ही उणीव भरून निघाली.

आपल्या देशाने त्यानंतर आणखी पावले टाकली. १९९३ साली लागू झालेल्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. सरोजिनीबाईंनी राखीव जागा मागितल्या नव्हत्या, देशाने मात्र अनुभवाने वेगळा मार्ग धरला. त्यामुळे लाखो स्त्रिया पंच आणि सरपंच झाल्या.

मित्रांनो, १९८९ पासून आपल्या देशात अठराव्या वर्षी मत देता येते. तुमची पाळी फार दूर नाही. यादीत नाव घालण्याचा अर्ज तुमच्या हातात येईल, तेव्हा मुलींनो, त्यावर आपले नाव स्वच्छ अक्षरांत लिहा. मुलांनो, घरी गेल्यावर अम्मीचे आणि दादीचे नाव यादीत आहे ना, ते बरोबर लिहिले आहे ना, हे पाहा. चुकले असेल तर अर्ज भरून द्या. काम पाच मिनिटांचे आहे. पण त्या पाच मिनिटांमागे तीस वर्षांची धडपड आहे.

शब्दार्थ

शिष्टमंडळ – वफ्द, भेटून मागणी मांडणाऱ्या लोकांचा गट
किलकिले – थोडेसे उघडे
सज्ञान – बालिग, कायद्याने वयात आलेला
आगर – मीठ तयार करण्याची जागा
उणीव – कमतरता

स्वाध्याय

१. सरोजिनी इंग्रजी बोलायला कशी शिकली?
२. साउथबरो समितीने स्त्रियांना मत नाकारताना कोणती कारणे दिली?
३. १९१७ ची मागणी आणि १९३१ ची मागणी यांत कोणता फरक होता?
४. पहिल्या निवडणुकीत अठ्ठावीस लाख स्त्रिया यादीतून का वगळल्या गेल्या?
५. स्त्रियांसाठी राखीव जागा असाव्यात की नसाव्यात? वर्गात चर्चा करा आणि आपले मत पाच वाक्यांत लिहा.