पेशीविद्येच्या उपासक डॉ. कमल रणदिवे

धारानगरीच्या रहिवाशांना भोजराजाच्या कथा नवीन नाहीत. बल्लाळाच्या भोजप्रबंधात अशी एक कथा आहे की, राजाच्या मस्तकात असह्य वेदना होऊ लागल्या आणि राजवैद्यांचे सारे उपाय हरले. तेव्हा ब्राह्मणवेषाने आलेल्या अश्विनीकुमारांनी राजाला भूल देऊन त्याची कवटी उघडली, आतील लहानसा मासा काढला आणि कवटी पूर्ववत सांधली. ही कथा आहे, इतिहास नव्हे. परंतु मस्तकात दडलेल्या व्याधीपर्यंत माणसाचा हात पोहोचावा, ही तिच्यातील आस खरी आहे. धार-देवासच्या घरांतही कंपवाताने हात थरथरणारे आजोबा आणि नातवंडांची नावे विसरलेल्या आजी आहेत. अशा रोगांत मेंदूतील पेशी हळूहळू झिजत जातात, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा तपासणीसाठी काढणे सहसा शक्य नसते. म्हणूनच देहाबाहेर पेशी जगविण्याची विद्या मोलाची ठरते. ती विद्या भारतात रुजविणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. हुजूरपागेच्या शाळेत आणि पुढे फर्ग्युसनमध्ये कमलताईंचे शिक्षण झाले. मुलीने वैद्यक शिकावे व डॉक्टराशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु कन्येने आपली वाट आपणच निवडली. तिने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांत पदवी मिळविली आणि सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर प्रबंध लिहून १९४३ साली एम. एस्सी. पूर्ण केले. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पतीने पत्नीच्या अध्ययनात मनापासून साहाय्य केले, हे त्या काळी विरळा असे भाग्य होय.

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. संपादन केली. पुढे त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे देहातून काढलेल्या पेशी काचपात्रात पोषण देऊन वाढविण्याचे शास्त्र, शिकावयास गेल्या.

या गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली एक युगप्रवर्तक घटना घडली. हेन्रिएटा लॅक्स नावाची तीस वर्षांची, पाच मुलांची कृष्णवर्णीय माता कर्करोगाने पीडित होऊन तेथील रुग्णालयात आली. तिच्या गाठीतील काही पेशी गे यांच्याकडे गेल्या. एरवी मानवी पेशी काचपात्रात थोड्याच दिवसांत मरून जात. या मात्र वाढतच राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी ती माता वारली. तिच्या पेशी ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या आणि पोलिओच्या लसीची परीक्षा करण्यासही उपयोगी पडल्या. परंतु संशोधनासाठी पेशी घेताना तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या मुलांना ही हकीकत वीसहून अधिक वर्षांनी कळली. जगाला लाभ झाला, पण दात्रीला आपण दान करीत आहोत हेच ठाऊक नव्हते. संमतीवाचून जे घेतले जाते, त्याला दान कसे म्हणावे?

स्वदेशी परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील ती पहिली मानली जाते. उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर प्रयोग करून स्तनांचा कर्करोग, आनुवंशिकता, अंतःस्राव आणि विषाणू यांचे परस्परसंबंध त्यांनी शोधले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील राजूर भागात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास करण्यासही त्या गेल्या. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर पाचच वर्षांनी, २००६ साली, जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींना पुन्हा मूलपेशींचे रूप दिले. पुढील वर्षी मानवी पेशींवरही तो प्रयोग सफल झाला. या कार्याबद्दल २०१२ साली ते नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी झाले. आता कंपवाताच्या रुग्णाने चिमूटभर त्वचा किंवा थोडे रक्त दिले, तर त्यापासून मूलपेशी आणि मूलपेशींपासून मेंदूच्या पेशी प्रयोगशाळेत घडविता येतात. त्या कशा बिघडतात ते पाहता येते, औषधांची परीक्षा घेता येते. भोजाची कवटी उघडावी लागली, येथे हातावरची टोचणी पुरते! बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर मेंदूपेढीही आहे. कुटुंबीयांच्या संमतीने मरणोत्तर मेंदू तेथे संशोधनार्थ जपले जातात.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. असे दान देणाऱ्याचा स्वतःचा रोग त्यामुळे बरा होत नाही. फळ मिळालेच तर ते पुढच्या पिढीतील कोणा अनोळखी रुग्णाला मिळेल. म्हणूनच दात्याला सारे नीट समजावून सांगणे आणि त्याचा होकार घेणे आपल्या देशातील नियमांनीही आवश्यक ठरविले आहे.

विद्यार्थीमित्रहो, शास्त्रज्ञाच्या नावापुढे पदव्या व पदके लागतात; पेशी देणाऱ्याचे नाव मात्र बहुधा कोठेच झळकत नाही. परंतु काचपात्रात जे जगते ते त्याच्याच देहाचे असते. कमलताईंसारखी अविरत ज्ञानसाधना करण्याचे भाग्य आपल्यापैकी कोणाला लाभले, तर त्या अनाम दात्याला आधी विचारावे आणि त्याचे ऋण सदैव स्मरावे. तशी साधना न घडली, तरी समजून-उमजून दान देण्याचा मार्ग आपल्या प्रत्येकाला मोकळा आहेच.