संविधान शिकवायचे तर बाबासाहेबांच्या शाळेपासून सुरुवात करा

मुळशी तालुक्यातील उरवडे हे पिरंगुटजवळचे गाव 7 जून 2021 रोजी देशभर माहीत झाले. त्या दिवशी गावातील एका रासायनिक कारखान्याला आग लागली. मृत्युमुखी पडलेल्या कामगारांत बहुतेक महिला होत्या. अशा गावातल्या मुलाने संविधानाचा आणि आपल्या घराचा काय संबंध, असे विचारले तर त्याला काय सांगायचे? आम्हाला वाटते, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र सांगावे. त्यात शाळाही आहे आणि कारखानाही.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. तरीही शाळेत भीमरावांना इतर मुलांबरोबर बसता येत नसे. बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि रोज परत आणावे लागे. पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने पाणी दिले तरच प्यायला मिळे, शिपाई नसेल तर तहान मारावी लागे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचा साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये प्रवेश झाला. आज महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले, 1912 मध्ये बी.ए. झाले आणि 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडन.

परतल्यावर त्यांनी शिकवलेही. सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. 1935 मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ज्याला वर्गात गोणपाटावर बसवले, त्याने हजारोंसाठी वर्गाची दारे उघडली.

त्यांचे दुसरे कार्य कामगारांसाठीचे. आपल्या चळवळीतही ते कमी सांगितले जाते. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत झालेल्या संपात ते पुढे होते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. त्यांच्याच कारकिर्दीत आलेल्या 1946 च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला.

29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. येथे त्यांच्या आयुष्यातले हे दोन धागे एकत्र आले. 23 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा होती. ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरतीच ठेवावी, अशी एका सदस्याची सूचना होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता. 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला याच संविधानाने बंदी घातली आहे. मग त्या वयापर्यंत ते मूल कुठे तरी शिकत असलेच पाहिजे. कारखान्याचे दार बंद करायचे तर शाळेचे दार उघडे हवे.

म्हणून संविधानात कलम 24 आले, जे 14 वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांपासून दूर ठेवते. कलम 45 ने 14 वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची व्यवस्था 10 वर्षांत करण्याचा प्रयत्न राज्यावर सोपवला. राज्याने किती वेळ घेतला, तेही मुलांना सांगा. शिक्षण मूलभूत हक्क करणारी घटनादुरुस्ती 2002 मध्ये झाली आणि तिचा कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. कलम 42 राज्याला कामाची न्याय्य आणि माणुसकीला धरून परिस्थिती निर्माण करायला सांगते. उरवड्याच्या आगीनंतर या कलमाचा अर्थ फळ्यावर लिहून समजावण्याची गरज उरत नाही.

26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकारले गेले. 1954 मध्ये आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे त्यांनी बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्यांनी पुण्याजवळ देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

26 जानेवारी 2020 पासून राज्यातील शाळांत उद्देशिकेचे वाचन सुरू झाले. ही चांगली गोष्ट आहे. पण पाठ केलेली उद्देशिका परिपाठाबरोबर संपते. कार्यकर्त्यांनो, येत्या 7 आणि 26 नोव्हेंबरला शिक्षकांची परवानगी घेऊन आपापल्या गावच्या शाळेत जा. हार-भाषणात तास घालवू नका. गोणपाटाची गोष्ट सांगा, 14 वर्षांचा हिशेब सांगा, कलम 24 आणि 42 वाचून दाखवा. मग मुलांना विचारा, आपल्या गावात ही कलमे कुठे दिसतात आणि कुठे दिसत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेले मूल संविधान विसरणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!